दहा रकाने, दोन रेल्वेलाइनी

मुलांनो, सहल म्हटली की तुम्हाला राणीची बाग आठवते, नाहीतर पुरी-भाजीचे डबे घेऊन गाठलेली कान्हेरीची लेणी. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही तिघांनी एक सहल केली ती अगदीच निराळी. दोन दिवस आम्ही मुंबईच्या उपनगरात नुसती कॉलेजं बघत हिंडलो! ना तिकीट, ना झोपाळे. जागोजागी वॉचमनकाकांना नमस्कार आणि "आत जाऊ का हो?" एवढंच.

त्या वर्षी सगळंच लवकर आलं होतं. दहावीचा निकाल १३ मे ला लागला आणि पाऊसही २६ मे ला मुंबईत हजर! इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नव्हती. त्यामुळे आमची सहल छत्र्या उघडूनच निघाली.

तिघं म्हणजे कोण? एक मी, प्राथमिक शाळेतली बाई. दुसरी माझी भाची, दहावीला ८४ टक्के. तिसरा तिच्याच गल्लीतला एक मुलगा, चौथीला माझ्या वर्गात होता, दहावीला ५८ टक्के. दोघांची नावं सांगत नाही, कारण दोघांनीही तसं बजावलंय. भाची मला मावशी म्हणते आणि तो बाई म्हणतो. त्यामुळे गाडीतल्या लोकांना आमचं नातं काही शेवटपर्यंत कळलं नाही.

दोघं राहतात असल्फ्याला. घाटकोपरहून अंधेरीला जाणारी मेट्रो जरा पुढे गेली की टेकडीवर एकावर एक रचलेली निळी, गुलाबी, पिवळी घरं दिसतात, ती असल्फ्याची. मेट्रोतले लोक त्या रंगांचे फोटो काढतात. आत राहणाऱ्यांना मात्र आधी जिने आठवतात. पाण्याचा हंडा घेऊन ते जिने एकदा चढून बघा, म्हणजे कळेल. पण या वस्तीची एक गंमत आहे. ती मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांच्या मधोमध बसली आहे. एका बाजूला घाटकोपर, दुसऱ्या बाजूला अंधेरी. म्हणजे कॉलेज निवडायचं तर दोन्ही लाइनी मोकळ्या. आणि निवड मोकळी असली की डोक्याचा गोंधळही दुप्पट!

मुंबईत अकरावीचा प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होतो, आणि २०२५ पासून अख्ख्या महाराष्ट्राचा एकाच संकेतस्थळावरून. फॉर्मच्या दुसऱ्या भागात पसंतीची कॉलेजं क्रमाने भरायची. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. हे दहा रकाने दिसायला निरुपद्रवी, पण भाचीच्या घरात त्यांनी आठवडाभर झोप उडवली होती. शेजारच्या काकू एक नाव सांगायच्या, क्लासवाले दुसरं, आणि भाऊजींच्या रिक्षात बसणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिसरंच.

मी दहावी झाले तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं. प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, वेगळी रांग. मी काय केलं सांगू? माझी जिवलग मैत्रीण जिथे गेली तिथे मीही गेले. नाव मोठं होतं. घरापासून जाऊन-येऊन तीन तास लागतात हे मला पहिल्या दिवशी कळलं, आणि ती मैत्रीण वेगळ्या तुकडीत आहे हे दुसऱ्या दिवशी! लोकलमध्ये उभ्याने केलेलं गणित बारावीत जेमतेम पास झालं. पुढे डी.एड. केलं, वर्गात शिरले आणि तिथेच रमले. त्याचं दुःख मुळीच नाही. पण ते तीन तास मला अजून आठवतात. म्हणून भाचीला म्हटलं, "आधी बघून येऊ. ज्या वेळी तुला रोज जायचंय त्याच वेळी निघू."

मग काय, पहिल्या दिवशी पहाटे सव्वासहाला असल्फ्याचा जिना उतरलो. भाचीने एक वही केली होती. पानावर पाच रकाने आखलेले: कॉलेज, वेळ, भाडं, फी आणि पाचवा 'कसं वाटलं'. मुलाच्या हातात काहीच नव्हतं. तो म्हणाला, "बाई, मी नुसता येतो. माझं काय, सगळे कॉमर्स घेतात तर मीपण घेईन."

पहिला मुक्काम घाटकोपर. पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच रामनिरंजन झुनझुनवाला कॉलेज. आपण सगळे 'आर.जे.' किंवा 'झुनझुनवाला' म्हणतो. हिंदी विद्या प्रचार समिती ही १९३८ सालची संस्था, तिने हे कॉलेज १९६३ मध्ये काढलं. भाचीने घड्याळ बघितलं आणि 'वेळ'च्या रकान्यात लिहिताना मान वर करून हसली. घरून मेट्रो धरली तर मधलं स्टेशन एकच. पैसे नसले तर बस, आणि बस चुकली तर पायीसुद्धा येता येईल. 'पायीसुद्धा' हा शब्द तिने वहीत लिहिला. मला तेव्हा त्याचं वजन कळलं नाही.

तिथून विद्याविहार. या स्टेशनाचं नाव कुठून आलं माहीत आहे का? करमशी जेठाभाई सोमय्या यांनी १९५९ मध्ये इथे शिक्षणसंस्था उभारली, तिचं नाव सोमय्या विद्याविहार, आणि तेच नाव स्टेशनाला मिळालं. गावाच्या नावाने कॉलेजं पुष्कळ असतात. कॉलेजाच्या नावाने रेल्वे स्टेशन मात्र विरळा! आवार मोठं, झाडी दाट. सायन्स, कॉमर्स, इंजिनीअरिंग, सगळं एकाच कुंपणात. पावसात भिजलेल्या त्या रस्त्यावर चालताना भाचीचे डोळे चमकत होते. घरी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ती अळू, कढीपत्ता, मिरच्या लावते. इथे तिने चार-पाच झाडं मला नावानिशी ओळखून दाखवली. मात्र एक गोष्ट वहीत टिपून घेतली: विद्याविहारला फक्त धिम्या गाड्या थांबतात. जलद गाडीत चढलात तर घाटकोपरलाच उतरा, नाहीतर कुर्ल्याहून मागे फिरा.

मुलुंडची गाडी पकडली तेव्हा आठ वाजून गेले होते. आम्ही मुंबईपासून लांब जाणाऱ्या दिशेला निघालो होतो म्हणून बसायला जागा मिळाली. समोरून येणाऱ्या गाड्यांची दारं मात्र माणसांनी फुललेली. हे बघण्यासारखं आहे बरं का. सकाळी दक्षिणेकडे जाणारं पोर उभ्याने लोंबकळतं आणि उत्तरेकडे जाणारं खिडकीत बसून वहीवर नजर टाकतं. अंतर तेवढंच असलं तरी दिवस वेगळा होतो. नकाशात हे दिसत नाही.

याच गाडीत, विक्रोळी मागे पडल्यावर, भाची एकदम म्हणाली, "मावशी, मी कॉमर्सच लिहिते."

मी थक्क! "अगं, आणि बायॉलॉजी? गेलं वर्षभर तेच चाललं होतं ना तुझं?"

"सायन्सला लाख-दीड लाख लागतात. बाबा पतपेढीत विचारून आले. मी ऐकलं." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली. कांजूर, भांडुप, नाहूर गेलं. मुलगा जो आतापर्यंत बडबडत होता, तोही गप्प.

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार? रक्कम खरी की खोटी मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "लाख कोणी सांगितले?" तर म्हणे, "सगळेच सांगतात."

मुलुंड पूर्वेला उतरलो. इथला मिठागर रोड. नाव ऐकून ओळखलंत ना? खाडीच्या बाजूला मिठागरं होती, त्यावरून पडलेलं. याच रस्त्यावर केळकर एज्युकेशन ट्रस्टचं वि. गो. वझे कॉलेज आहे, १९८४ सालचं. मुलुंडकर मात्र त्याला 'केळकर कॉलेज'च म्हणतात, रिक्षावाल्याला 'वझे' सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो. पश्चिमेला मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स, १९७० चं. त्याची संस्था पार्ल्याची, पार्ले टिळक विद्यालय असोसिएशन. लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ मध्ये पार्ल्यात शाळा काढणाऱ्या या मंडळींनी आधी पार्ल्यात डहाणूकर कॉलेज काढलं आणि मग थेट दुसऱ्या रेल्वेलाइनीवर येऊन मुलुंडला. म्हणजे एकाच संस्थेची कॉलेजं दोन लाइनींवर असू शकतात. संस्था एक असली की शाळेतल्या मुलांना त्यात राखीव जागाही असतात, इनहाउस कोटा म्हणतात तो. तुमची शाळा कोणत्या संस्थेची आहे हे कधी पाहिलंय का? फलकावर सगळ्यात वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

त्या दिवशी बघितलेल्यांपैकी एका कॉलेजच्या खिडकीवर मी सरळ विचारलं, "अकरावी सायन्सची फी किती?"

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कोणती? एडेड की अनएडेड?"

मुलांनो, हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. आईबाबांनाही वाचून दाखवा. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, कधीकधी समोरासमोरच्या वर्गांत दोन प्रकारच्या तुकड्या असतात. अनुदानित तुकडीच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून तिथे फी थोडी. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो, म्हणून तिथे फी कितीतरी पट. अभ्यासक्रम तोच, बोर्ड तेच, परीक्षेचा पेपरही तोच. आणि अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिकवणी फी माफ असते. लॅब, लायब्ररी, परीक्षा यांचे पैसे तेवढे राहतात.

भाचीने वही पुढे केली. बाईंनी दोन आकडे सांगितले. तिने दोन्ही एकाखाली एक लिहिले. वरचा चार आकडी, खालचा पाच आकडी. ती कितीतरी वेळ त्या वहीकडेच बघत राहिली. मग खिडकीत वाकून तिने स्वतःच विचारलं, "आणि मॅडम, फॉर्ममध्ये हे कसं कळतं?"

"कॉलेजच्या नावापुढे बघायचं. सायन्स, इंग्लिश, एडेड असं लिहिलेलं असतं. प्रत्येकाचा कोड वेगळा. घाईत मुलं नुसतं नाव बघतात आणि दुसऱ्याच कोडवर टिचकी मारतात. मग रडत येतात इथे."

अर्थात, अनुदानित जागांसाठी चढाओढ जास्त आणि कटऑफही बहुधा वर. ८४ टक्क्यांना सगळीकडे दार उघडेल असं नव्हे. पण लाख-दीड लाख कुठून आले होते ते आता समजलं. विनाअनुदानित तुकडीची फी आणि वर क्लासची फी, दोन्ही मिळून कोणीतरी एक आकडा केला होता. तो आकडा जिने चढत चढत आमच्या ताईच्या घरात पोचला, आणि एका मुलीचं बायॉलॉजी पुसायला निघाला होता.

आता मुलाची गोष्ट. मुलुंडलाच सरकारी आयटीआय आहे. मी म्हटलं, आलोच आहोत तर डोकावू. तो नाखूश. "आयटीआयला नापास जातात," म्हणाला. हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! वर्कशॉपच्या दाराशी उभे राहिलो. आत मुलं व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून कानशीने घासत होती आणि मधूनमधून गुण्या लावून कोपरा सरळ आला का ते बघत होती. आमचा मुलगा मान पुढे काढून बघतच राहिला. मी तुम्हाला सांगायचंच विसरले. गल्लीतला कोणाचाही पंखा, मिक्सर बंद पडला की यालाच हाक मारतात. त्याच्या आईच्या पोळी-भाजी केंद्रातला फ्रीज गेली दोन वर्षं यानेच चालू ठेवलाय.

शिल्पनिदेशक बाहेर आले. (आयटीआयमध्ये मास्तरांना हा भारदस्त शब्द आहे.) त्यांनी समजावलं की इथला प्रवेश अकरावीच्या फॉर्मवर होत नाही, त्याचं संकेतस्थळ वेगळं. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. पास झाल्यावर रेल्वेच्या वर्कशॉपात, कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात, तेव्हा विद्यावेतन मिळतं. आणि पुढे शिकायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. मुलाने विचारलं, "डिप्लोमानंतर?" ते म्हणाले, "मग इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पाय चालतील तेवढा रस्ता आहे." परतीच्या गाडीत त्याने भाचीकडून वहीचं एक पान फाडून मागून घेतलं.

दुसरा दिवस पश्चिम रेल्वेचा. असल्फ्याहून मेट्रो धरली. ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, मुंबईतली पहिलीच. सव्वाअकरा किलोमीटरच्या आसपास लांबी आणि बारा स्टेशनं. त्याआधी असल्फ्याच्या पोराला अंधेरीच्या कॉलेजात जायचं म्हणजे साकीनाक्याच्या गर्दीत बसमध्ये तासन् तास घामाघूम. आता बसल्यासारखं होतं न होतं तोच अंधेरी. पण गारवा फुकट नाही! भाचीने गाडीतच हिशेब मांडला. समजा एका बाजूला ३० रुपये पडले. दिवसाला ६०. महिन्याचे २२ दिवस धरले तर १३२०. दहा महिन्यांचे १३,२००. "मावशी, ही तर कालच्या फीपेक्षा जास्त झाली!" खरंच होती. लोकलला विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास मिळतो, कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म आणायचा की झालं. म्हणून लांबचं लोकलचं कॉलेज कधीकधी जवळच्या मेट्रोच्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडतं. फी एकदा भरतो. भाडं रोज भरतो, म्हणून ते डोळ्यांवर येत नाही.

अंधेरी पश्चिमेला भवन्स. कन्हैयालाल मुनशींनी १९३८ मध्ये भारतीय विद्या भवन स्थापन केलं, त्यांचं हे १९४६ चं कॉलेज. आवारात तळं आहे आणि मागे उभा आहे गिल्बर्ट हिल. तो बघायला तरी अंधेरीला जाच! साठेक मीटर उंच, काळ्या बेसॉल्टचा सरळसोट खांब. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. वर गावदेवीचं देऊळ, आणि दगडात खोदलेल्या पायऱ्या. जिन्यांना सरावलेली आमची दोन्ही पोरं भराभर वर गेली, मी मध्येच बसले. वरून चारी बाजूंना इमारती आणि पावसाची धूसर भिंत. मुलगा म्हणाला, "बाई, भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढला होता तो दख्खनचा दगड हाच का?" मी वर मान करून जोरात "हो" म्हटलं.

खाली येतो तो एका माणसाने आम्हाला गाठलं. हातात गुळगुळीत रंगीत पत्रकं. "ताई, सायन्स ना? इंटिग्रेटेड घ्या. कॉलेज नावाला. मुलगी क्लासमध्येच बसेल, हजेरीची काळजी आमची." हा प्रकार उपनगरात फार आहे. नाव एका कॉलेजात घालायचं आणि दिवसभर क्लासच्या बंद खोलीत बसायचं. २०१८ मध्ये सरकारने सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याचसाठी. पत्रकवाल्यांची छाती काही त्याने खचलेली दिसली नाही. माझं मत विचाराल तर कॉलेज नावाला घ्यायचंच कशाला? मायक्रोस्कोप, लायब्ररी, मैदान, एन.एस.एस., गॅदरिंग, डबा खाताना झालेल्या ओळखी, हे सगळं सोडून द्यायचं आणि वर त्याचे जादा पैसेही मोजायचे! भाचीने पत्रक घडी घालून पावसाचं पाणी गळत होतं त्या छत्रीच्या मुठीला गुंडाळलं.

पुढचं स्टेशन जोगेश्वरी. पूर्वेला टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज, १९३० सालचं, उपनगरातलं सगळ्यात जुनं. सर महंमद युसुफ यांनी दिलेल्या देणगीतून ते उभं राहिलं, आणि हे सरकारी कॉलेज आहे. पु. ल. देशपांडे जोगेश्वरीला राहायचे, ते याच कॉलेजात शिकले. गंमत बघा, पत्रकांवर आणि बसच्या पाठीवर झळकणाऱ्या कॉलेजांच्या नावांत हे नाव आम्हाला कुठेच दिसलं नाही. शेजारच्या काकूंच्या यादीतही नव्हतं. टेकडी चढून गेल्यावर हमरस्त्याचा आवाज मागे पडतो, आणि जुन्या दगडी इमारतीसमोर उभं राहिलं की आपण मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही. भाचीने पाचव्या रकान्यात लिहिलं: 'शांत. इथे अभ्यास होईल.' भाड्याच्या रकान्यात तिला दोन आकडे लिहावे लागले, एक मेट्रोचा, एक लोकलचा. त्यात गाडी बदलायला अंधेरीचा पूल, तो ऑफिसच्या वेळेला कसा असतो ते अंधेरीकरांना विचारा.

शेवटचा मुक्काम बोरिवली. तिथे का? तर भाऊजींची बहीण, म्हणजे भाचीची आत्या, तिथे राहते. "पोरगी माझ्याकडे राहून शिकेल, भाड्याचे पैसे वाचतील," असं तिचं म्हणणं. प्रेमाचं माणूस! बोरिवलीत गोखले एज्युकेशन सोसायटीचं भाऊसाहेब वर्तक कॉलेज आहे, आजूबाजूला कांदिवली, मालाड, दहिसरलाही कॉलेजं आहेत, म्हणजे सोय वाईट नव्हती. आत्याने गरम थालीपीठ वाढलं, पलंगाची जागा दाखवली. दीड खोलीत ती, तिचे यजमान, सासूबाई आणि दोन मुलं. भाचीने पलंगाखालचा कप्पा उघडून बघितला, "छान आहे" म्हणाली आणि गप्प बसली. आत्याने माझ्याकडे बघितलं. बायकांना अशा वेळी बोलावं लागत नाही. "शनिवार-रविवार येत जा गं," ती म्हणाली, "बाकीचे दिवस आईजवळच राहा."

आत्याच्या गच्चीवरून राष्ट्रीय उद्यानाची झाडी दिसते. पलीकडच्या अंगाला मुलुंड! कावळा निघाला तर जंगलावरून थोड्या वेळात पोचेल. आपल्याला मात्र लोकलने थेट दादरला जाऊन उलट यावं लागतं. आणि त्याच जंगलात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे भिक्षू राहत, शिकत, शिकवत. पाऊस होता म्हणून आम्ही गेलो नाही, पण मी मुलांना एक गोष्ट सांगितली. कान्हेरीच्या भिंतींवर दानाचे शिलालेख आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी आणि दूरदूरचे लोक देणग्या ठेवून जात. नवव्या शतकातल्या एका लेखात तर विहाराची दुरुस्ती, भिक्षूंची वस्त्रं आणि पुस्तकं यांसाठी निरनिराळी रक्कम ठेवल्याचं कोरलेलं आहे. मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे कान्हेरी एडेड होती!" आत्याच्या सासूबाईसुद्धा हसल्या.

त्या रात्री असल्फ्याला फॉर्म भरायला बसलो. भाऊजींनी रिक्षा लवकर लावली होती. पहिल्या रकान्यावरच अडलं. नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर नेहमीच्या पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. भाऊजी म्हणाले, "पहिलं ते मोठ्या नावाचं लिही, अनएडेड असलं तरी. बापाकडे बघू नकोस. पतपेढीचं मी बघतो."

भाचीने वही उघडली. दोन दिवसांत पानं ओली होऊन फुगली होती. तिने पाच रकाने वडिलांना एकेक करून वाचून दाखवले. मग म्हणाली, "बाबा, हे मिळालं तर मला नाही म्हणता येणार नाही, आणि मला सारखं कर्जच दिसेल. मी सगळ्या एडेड लिहिते. सातव्या नंबरनंतर जी अनएडेड येतील ती आपल्याला झेपणारी, घराजवळची." भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक कोड पडद्यावरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भाची वहीशी ताडून बघायची आणि "बरोबर" म्हणायची. दहा वेळा. खाली ताईने मला विचारलं, "सायन्सच ना?" मी मान हलवली. तिने पदराने डोळे पुसले ते कांद्यामुळे, असं ती म्हणते.

मुलाने आपलं फाडलेलं पान आईला दाखवलं होतं. त्यावर एकच ओळ होती: 'इलेक्ट्रिशियन, मुलुंड, दोन वर्षं.' त्याने आयटीआयचा फॉर्म माझ्या फोनवरून भरला आणि ट्रेडच्या यादीत इलेक्ट्रिशियन सगळ्यात वर टाकला. मग जाता जाता आमच्या ताईचा मिक्सर दुरुस्त करून गेला.

यादी लागली त्या दिवशी भाचीला तिसऱ्या रकान्यातलं कॉलेज मिळालं, सायन्स, एडेड. पहिलं नाही, दुसरं नाही. थोडी रुसली. मला फोन करून सांगत होती तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "कितीची गाडी धरावी लागेल गं? डबा किती वाजता हवा तुला?"